बायबलमधील रत्ने: खड्यात काय असते आणि खड्यावर काय असते

सलाम ताई,

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. बायबलमधल्या बारा रत्नांपैकी कोणत्या रत्नाचा आध्यात्मिक अर्थ काय, आपल्याकडच्या नवरत्नांसारखी त्यांचीही काही शक्ती असते का, आणि एका विक्रेत्याने ‘अहरोनाची बारा रत्ने’ म्हणून दाखवलेले लॉकेट मुलीला दृढीकरणाच्या (मंडळीत विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या) दिवशी द्यावे का. मी पोटापाण्यासाठी खडे तपासतो आणि रविवारी उपासनेनंतर मंडळीत मोठ्यांचा शास्त्राभ्यास घेतो. त्यामुळे हा विषय माझ्याकडे दुकानातूनही येतो आणि देवळातूनही. लॉकेटचे शेवटी बोलू, कारण आधीचे दोन प्रश्न सुटले की त्याचे उत्तर अर्धे तरी तुमचे तुम्हालाच मिळेल.

सरळ सांगायचे तर ‘यास्फे (जास्पर) म्हणजे विश्वास, नीलमणी म्हणजे आशा, पाचू म्हणजे अमुक’ असा तक्ता पवित्र शास्त्रात कुठेही नाही. पहिल्या उत्पत्तीच्या पुस्तकापासून शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत शोधा, सापडणार नाही. असे तक्ते पुढे, शेकडो वर्षांनी तयार झाले. ते कुठून आले ते खाली सांगतो. शास्त्रात रत्नाला अर्थ येतो तो दोन गोष्टींमुळे: त्यावर कोणाचे नाव कोरले आहे आणि ते कोणाच्या अंगावर किंवा कुठे बसवले आहे. खडा स्वतः काही करत नाही. त्याच्याकडून काही तरी वाहून नेले जाते.

सुरुवात निर्गमाच्या २८ व्या अध्यायापासून करू, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे. अहरोनासाठी महायाजकाची वस्त्रे कशी करायची याची तिथे मोशेला आज्ञा होते. लोक अध्याय वाचताना एकदम बारा रत्नांवर उडी मारतात आणि त्याआधीचे दोन खडे विसरतात. एफोदाच्या, म्हणजे याजकाच्या वरच्या वस्त्राच्या, दोन खांदपट्ट्यांवर दोन गोमेदमणी, एकेकावर सहा सहा नावे, इस्राएलाच्या मुलांच्या जन्माच्या क्रमाने. मग न्यायाचा ऊरपट, म्हणजे छातीवर बांधायचा पट: दुहेरी केलेला, चौरस, एक वीत लांब आणि एक वीत रुंद. त्यावर चार रांगा, रांगेत तीन रत्ने, प्रत्येक सोन्याच्या कोंदणात, प्रत्येकावर एका वंशाचे नाव.

आता जरा कारागिराच्या नजरेने पाहा. वीत म्हणजे साधारण बावीस-तेवीस सेंटिमीटर. तीन उभ्या ओळी केल्या की एका खड्याच्या वाट्याला सातेक सेंटिमीटर रुंदी येते, चार आडव्या रांगा केल्या की साडेपाच सेंटिमीटर उंची. कोंदणाचे सोने आणि मधली मोकळी जागा सोडली तरी तीन-चार सेंटिमीटरचा खडा आरामात बसतो. अंगठीतल्या पाच रत्तीच्या खड्याची कल्पना डोक्यातून काढून टाका. पैलू पाडायची कलाही तेव्हा नव्हती. दगड घासून, सपाट किंवा घुमटासारखा गोल करून, चकाकी आणून वापरत. म्हणजे ऊरपटावर आजच्या शोरूमसारखी लखलख नव्हती. रंगाचे मोठे, शांत ठिपके होते आणि त्यांवर अक्षरे होती.

ती अक्षरे मुद्रा कोरतात तशी कोरायची, असे शास्त्र मुद्दाम सांगते. हे काम मी जवळून पाहिले आहे. हकीकासारखा दगड सुरीने कोरला जात नाही. त्यावर सुरी नुसती घसरते. फिरत्या सळईच्या टोकाला दगडापेक्षा कठीण पूड आणि ओलावा लावतात आणि दाब देत देत घासतात. आधी खळगे पडतात, मग ते खळगे जोडून रेघ होते. अक्षराच्या टोकाला भिंग लावून पाहिले तर रेघ एकदम तुटत नाही, वाटीसारखी गोल होऊन संपते. हे एकदा झाले की पुसता येत नाही. नाव घालवायचे तर खड्याचा सगळा वरचा थर घासून काढावा लागतो, म्हणजे खडाच बदलावा लागतो. शाईने लिहा, सोन्याच्या पत्र्यावर ठोका, असे न म्हणता ‘मुद्रेसारखे कोर’ म्हटले आहे, ते यासाठी.

आणि नावे कोणाची? उत्पत्तीच्या ४९ व्या अध्यायात याकोब (इस्राएल हे त्याचेच दुसरे नाव) मरताना मुलांना जवळ बोलावतो, तेव्हा शिमोन आणि लेवी यांच्या रागाला तो अक्षरशः शाप देतो. रऊबेनालाही सुनावतो. घरातली भानगड, रक्तपात, भावाला विकणे, सगळे या बारा नावांच्या मागे आहे. तरी ऊरपटावर कोणाला गाळलेले नाही, कोणाला कोपऱ्यात लहान खडा नाही. प्रत्येकाचा रंग वेगळा आणि कोंदण प्रत्येकाला सोन्याचेच. निर्गम २८:२९ मध्ये कारण दिले आहे: अहरोन पवित्रस्थानात जाईल तेव्हा ही नावे त्याने आपल्या हृदयावर वागवावीत, परमेश्वरासमोर सतत स्मरण राहावे म्हणून. खांद्यावरच्या दोन खड्यांनाही ‘स्मारकाची रत्ने’च म्हटले आहे. खांदा ओझ्यासाठी, हृदय जिव्हाळ्यासाठी. माझ्या मते बायबलमधल्या रत्नांचा सगळ्यात मोठा आध्यात्मिक अर्थ इथेच, या एका वचनात, सांगून झाला आहे.

एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. ऊरपट घातलेल्या माणसाला त्यावरची नावे नीट वाचता येत नाहीत. ती समोरच्याला दिसतात. पवित्रस्थानात अहरोनाच्या समोर कोण असतो ते तुम्हाला माहीत आहे. खडे घालणाऱ्याच्या भल्यासाठी नव्हते. त्याने ते इतरांच्या वतीने घातले होते. नवरत्नाची अंगठी आणि ऊरपट यांतला पहिला फरक हाच: अंगठी आपण आपल्यासाठी घालतो.

याला जोडून लेवीय १६ वाचा. प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून एकदा, महायाजक पडद्याच्या आत परमपवित्रस्थानात जातो. तेव्हा त्याने काय घालायचे? साधी तागाची वस्त्रे. सोने नाही, रत्ने नाहीत. खड्यांत शक्ती असती तर सगळ्यात जोखमीच्या दिवशी ते अंगावर हवे होते. त्या दिवशी ते उतरवून ठेवायचे होते.

कोणत्या वंशाचा खडा कोणता, असेही तुम्ही विचारले आहे. निर्गम तेवढे सांगतच नाही. जन्मक्रम धरला तर एक यादी होते, रानातल्या छावणीचा क्रम धरला तर दुसरी. लेवीला मोजायचे की योसेफाचे दोन भाग करायचे, यावरही क्रम हलतो. दुकानात मिळणारे ‘यहूदाचा खडा पाचू’ वगैरे छापील कार्ड या याद्यांपैकी एखादी उचलून केलेले असते. त्यावर पैसे खर्च करू नका.

खडे नेमके कोणते होते, यावर थोडे बोलणे भाग आहे, कारण मराठी बायबलमधली नावे आणि सराफाच्या दुकानातली नावे एकच असली तरी दगड तेच असतील असे नाही. हिऱ्याचेच घ्या. बारांच्या यादीत हिरा आहे. पण हिऱ्यावर नाव कोरायचे तर हिऱ्याचीच पूड आणि फार पुढच्या काळातले तंत्र लागते. मोशेच्या काळातल्या कारागिराच्या आवाक्यातले ते काम नव्हे. म्हणून तो दुसरा कोणता तरी कठीण, फिकट दगड असावा असे बहुतेक अभ्यासक धरतात. जुन्या ग्रीक-रोमन लेखकांचा ‘टोपाझ’ आजचा पुष्कराज नसून तांबड्या समुद्रातल्या झबरगाद बेटावरचा हिरवा जबरजद (पेरिडॉट) होता. यादीतला मोठा भाग हकीक, यास्फे, सुलेमानी, जामुनिया या गारेच्या कुळातला असावा. कोरायला योग्य, टिकायला पक्का आणि रंगाला सुंदर असे हेच दगड आहेत. आज ते ‘अर्धमौल्यवान’ म्हणून पाकिटांतून वजनावर विकले जातात. बायबलच्या रत्नांचे मोल बाजारभावाने मोजू नये ते यासाठीही.

निळ्या रत्नाबद्दल मात्र मी थोडा रेंगाळणार आहे. मराठीत नीळ, नीलमणी वाचले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीलंकेचा पारदर्शक नीलम येतो. त्या काळातला ‘सप्पीर’ म्हणजे लाजवर्द (लॅपिस लाझुली): गडद निळा, अपारदर्शक, आणि त्यात सोन्याची धूळ उडवल्यासारखे ठिपके. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने या नावाच्या दगडाचे वर्णन सोनेरी ठिपक्यांचा असेच केले आहे आणि पुढे प्लिनी या रोमन लेखकानेही. याहून गोड पुरावा ईयोबात आहे. २८:६ मध्ये खाणीचे वर्णन करताना म्हटले आहे की तिच्या दगडांत नीलमणी असतात आणि त्यात सोन्याचे कण असतात. लाजवर्दाचा तुकडा भिंगाखाली धरा, वचन समोर दिसते. ते सोने नसते, लोहमाक्षिक म्हणजे पायराइट असते, पण उन्हात धरले की सोन्यासारखेच चमकते. हा दगड प्राचीन जगाला मिळे तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातून, सर-ए-संगच्या खाणींतून. तिथून तो मेसोपोटेमियात आणि मिसरपर्यंत जाई. अब्राहामाच्या ऊर नगरातल्या राजघराण्याच्या थडग्यांत लिओनार्ड वुली या पुरातत्त्वज्ञाला लाजवर्दाच्या वस्तू मिळाल्या आणि त्यांच्याबरोबर सिंधू संस्कृतीकडून आलेले लाल हकीकाचे लांबट मणीही मिळाले. ही थडगी ख्रिस्तापूर्वी सुमारे २५०० वर्षांची आहेत.

आता हा दगड हातात धरून निर्गम २४:१० वाचा. मोशे, अहरोन आणि सत्तर वडील, म्हणजे लोकांचे पुढारी, डोंगरावर जातात आणि इस्राएलाच्या देवाचे दर्शन घेतात. त्यांना काय दिसले? चेहरा, रूप, काही सांगितलेले नाही. देवाच्या पायांखाली नीलमण्याच्या फरशीसारखे काही तरी होते, आकाशासारखे स्वच्छ. एवढेच. वडिलांची नजर जितकी वर गेली ती देवाच्या पायांखालच्या फरशीपर्यंत. आपण ज्याला छत म्हणतो ती त्याची जमीन आहे. यहेज्केलाला खबार नदीकाठी दर्शन झाले तेव्हा त्यालाही करूबांच्या (पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या) डोक्यावरच्या अंतराळावर नीलमण्यासारखे सिंहासन दिसले. मंदिरापासून दूर, बाबेलच्या बंदिवासात असलेल्या माणसाला तोच निळा रंग दिसावा, यात त्याला आणि त्याच्या लोकांना केवढा धीर आहे! ऊरपट एफोदाला जो बांधायचा तोही निळ्या फितीने. यहुदी गुरूंची एक जुनी साखळी आहे: निळा धागा समुद्रासारखा, समुद्र आकाशासारखा, आकाश देवाच्या सिंहासनासारखे. निळ्या रत्नाला आध्यात्मिक अर्थ द्यायचाच असेल तर हा द्या, शास्त्राच्या आधाराने देता येतो.

कठीणपणाचा अर्थ मात्र शास्त्रात आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. जाहिरातींनी हिऱ्याचा टणकपणा प्रेमाशी जोडला आहे. संदेष्टे त्या अतिकठीण दगडाचे नाव काढतात तेव्हा सहसा चिंतेचे कारण असते. यिर्मया १७:१ म्हणतो, यहूदाचे पाप लोखंडी लेखणीने आणि वज्राच्या टोकाने त्यांच्या हृदयाच्या पाटीवर कोरले आहे. जखऱ्या ७:१२ मध्ये लोकांनी नियमशास्त्र ऐकू नये म्हणून आपली हृदये वज्रासारखी केली. एकट्या यहेज्केलाला (३:९) देव तुझे कपाळ वज्रासारखे करतो म्हणतो, आणि तेही हट्टी लोकांपुढे टिकाव लागावा म्हणून. अहरोनाच्या हृदयावर लोकांची नावे कोरलेली आणि लोकांच्या हृदयावर पाप कोरलेले! ही दोन वचने शेजारी ठेवून वाचली की यिर्मयाचा घाव कळतो.

मग रत्ने पवित्र आहेत का? यहेज्केल २८ वाचा. सोरेच्या राजावरच्या विलापगीतात त्याला एदेन बागेत, करूबाच्या रूपात, रत्नांनी मढवलेला दाखवले आहे. हिब्रू पाठात नऊ रत्ने आहेत आणि ती सगळी ऊरपटाच्या यादीतलीच आहेत. सोर म्हणजे व्यापाऱ्यांचे नगर. आदल्याच अध्यायात तिच्या बाजारात येणारा माल मोजला आहे, पोवळी, पाचू, मौल्यवान खडे सगळे. त्या राजाचे मन आपल्या सौंदर्याने उन्मत्त झाले आणि तो खाली टाकला गेला. प्रकटीकरण १७ मधली मोठी कलावंतीणही सोने, रत्ने आणि मोत्यांनीच नटलेली आहे. अध्याय १८ मध्ये बाबेल पडते तेव्हा व्यापारी रडतात. कशासाठी? आता आपला माल कोणी घेत नाही म्हणून. त्या मालाच्या यादीत सोने, रुपे, रत्ने, मोती यांनी सुरुवात होते आणि शेवटी माणसांचे जीव येतात. त्याच खाणीतला, तोच खडा. याजकाच्या छातीवर असला तर दुसऱ्याचे नाव वाहतो, राजाच्या अंगावर असला तर त्याचा स्वतःचा तोरा. सोरेच्या राजाच्या खड्यांवर कोणाचेही नाव कोरल्याचा उल्लेख नाही, हे मला नेहमी बोलके वाटते.

यशया ५४ कडे येऊ. तिथे देव यरुशलेमेला म्हणतो, पीडिते, वादळाने झोडपलेले, जिचे सांत्वन झाले नाही अशी तू, मी तुझा पाया नीलमण्यांनी घालीन, तुझे बुरूज माणकांचे करीन, तुझ्या वेशी लखलखीत रत्नांच्या करीन. इथे रत्ने अंगावरून उतरून भिंतीत जातात. आतापर्यंत पायाखालचा नीलमणी देवाच्या पायाखाली होता. आता तोच एका उद्ध्वस्त बाईचा, म्हणजे नगरीचा, पाया होणार आहे. मंडळीत कोणाचे घर मोडले, कोणी कर्त्या माणसाला मुकले, तर मी हा अध्याय वाचतो. रत्नांवरचे दुसरे कोणतेही वचन तिथे चालत नाही.

प्रकटीकरणात योहान हे सगळे धागे एकत्र आणतो. चौथ्या अध्यायात सिंहासनावर बसलेला यास्फे आणि सार्दि (लाल हकीक) रत्नांसारखा दिसतो आणि भोवती पाचूसारखे मेघधनुष्य. पुन्हा चेहरा नाही, आकार नाही, मूर्ती नाही. आहे तो रंगाचा प्रकाश. हिब्रू यादीच्या क्रमाने सार्दि हे ऊरपटाचे पहिले रत्न आणि यास्फे शेवटचे. योहानाच्या मनात हे होते की नाही यावर वाद घालता येईल. माझे मत विचाराल तर, जुना करार तोंडपाठ असलेल्या माणसाच्या लेखणीतून हे सहज आलेले नाही. मेघधनुष्य नोहाशी केलेल्या कराराचे आहे हे तर उघडच आहे.

आणि मग २१ वा अध्याय. स्वर्गातून उतरणाऱ्या नव्या यरुशलेम नगरीच्या तटाला बारा पाये, प्रत्येक एकेका रत्नाने शृंगारलेला. बारांपैकी आठ नावे ऊरपटाच्या जुन्या ग्रीक भाषांतरातल्या यादीशी जुळतात. पण बहुतेक लोक रत्नांच्या यादीवर थांबतात आणि चौदावे वचन ओलांडून जातात. त्या पायांवर नावे आहेत: कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, बारा प्रेषितांची. बारा वेशींवरही नावे आहेत, इस्राएलाच्या बारा वंशांची. ऊरपटावरची नावे पुसली गेली नाहीत, ती वेशींवर आली. शिमोन आणि लेवी अजून आहेत. आणि पायांवर ज्यांची नावे आहेत त्यांच्यात कोण? कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारणारा पेत्र.

नगरीची लांबी, रुंदी आणि उंची सारखी आहे. शास्त्रात असा घनाकार आणखी एकाच ठिकाणी ठळकपणे सांगितला आहे, शलमोनाच्या मंदिरातले परमपवित्रस्थान, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच (१ राजे ६:२०). तिथे एकच माणूस, वर्षातून एकदाच जाई. योहानाच्या दर्शनात अख्खी नगरी परमपवित्रस्थान झाली आहे. म्हणून तिच्यात वेगळे मंदिर नाही आणि वेशी कधी बंद होत नाहीत. लोकांची नावे छातीवर घेऊन पवित्रस्थानात जाणाऱ्या याजकाची आता गरज उरली नाही, कारण ती माणसेच आत राहायला आली आहेत. रत्नांचा पूर्ण प्रवास असा आहे, एका माणसाच्या छातीपासून सगळ्यांच्या घराच्या पायापर्यंत.

दोन बारकावे. तट यास्फेचा आहे आणि नगरीचे तेज स्फटिकासारख्या स्वच्छ यास्फेसारखे आहे. आज ज्याला आपण जास्पर म्हणतो तो ठार अपारदर्शक असतो, त्यातून उजेड जातच नाही. जुन्या काळी या नावाखाली पारभासक दगडही येत, हे खरे. तरीही शब्दांचा रोख प्रकाशावर आहे. नगरीला सूर्य-चंद्र लागत नाहीत, देवाचे तेज तिला उजळते आणि तिथली भिंतही ते अडवत नाही. दुसरे, वेशी मोत्यांच्या. मोती एकटाच असा की ज्याला घासणे, कोरणे, पैलू पाडणे लागत नाही. शिंपल्यातून निघतो तोच पुरा झालेला असतो. ‘शिंपल्याच्या वेदनेतून मोती’ हा उपदेशकांचा लाडका दृष्टांत आहे, त्याला माझी हरकत नाही, पण योहान तसे म्हणत नाही. मला तिथे मत्तय १३ मधला व्यापारी आठवतो, एका मोत्यासाठी सर्वस्व विकणारा.

इथे महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे म्हणून सांगतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक समुद्रप्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदराकडे गाड्यांतून, वाईट रस्त्यांनी, हकीक-सुलेमानी कुळातला दगड मोठ्या प्रमाणात येतो अशी नोंद आहे. तिथून माल मिसरकडे आणि रोमी जगात जाई. योहानाने पात्म बेटावर दर्शन लिहिले ते त्याच शतकाच्या अखेरीस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सार्दि, गोमेद ही नावे वाचणाऱ्या आशिया मायनरमधल्या इफिस-स्मुर्णाच्या विश्वासणाऱ्यांनी बाजारात जे दगड पाहिले असतील, त्यांतले काही गोदाकाठून आलेले असू शकतात. आपल्या बेसाल्टच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत हा दगड भरलेला असतो. नदीच्या पात्रात पट्ट्यापट्ट्यांची गारगोटी सापडते ती हीच.

आता तक्त्यांची कुळी. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस बारा रत्नांचा संबंध बारा महिन्यांशी किंवा राशिचक्राशी लावता येईल असे म्हणतो. मूळ निर्गमात त्याचा मागमूस नाही. आठव्या शतकात इंग्लंडमधल्या बीड या मठवासी विद्वानाने प्रकटीकरणावर भाष्य लिहिताना यास्फेला विश्वास, नीलमण्याला स्वर्गीय आशा असे गुण जोडले. भक्तीचे मनन म्हणून ते सुंदर आहे. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या रेनचा बिशप मार्बोड याने रत्नांवर काव्य केले आणि त्यात औषधी-जादुई गुणांची भर पडली. आणि ‘जन्मरत्नां’ची आजची प्रचलित यादी? ती १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने कॅन्सस सिटी इथे ठरवली, व्यापाराच्या सोयीसाठी. विक्रेता तीच यादी बायबलच्या नावावर खपवत असेल तर त्याला हे साल सांगा.

नवरत्नांचे तुम्ही विचारलेत ते स्वाभाविक आहे. पुष्कराज, गोमेद, लसणा ही नावे बायबलातही दिसतात आणि ज्योतिषाच्या दुकानातही, त्यामुळे कानाला गुरू, राहू, केतू ऐकू येतात. ती परंपरा वेगळी आहे, तिचा हिशेब वेगळा आहे, आणि ज्यांची ती आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण ऊरपटाचा तिच्याशी संबंध जोडू नका. ऊरपटाच्या बारांत एकही ग्रह नाही, माणसांची नावे आहेत. पेर्गमच्या मंडळीला जो पांढरा खडा देऊ केला आहे (प्रकटीकरण २:१७) त्यावरही शक्तीचा मंत्र नाही, एक नवे नाव आहे, ते घेणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

राहिले लॉकेट. फोटोवरून खडे पक्के ओळखता येत नाहीत, पण बारा नग, एवढे लहान, त्यात हिरा, पाचू, माणिक ‘सगळे अस्सल’, आणि किंमत तुम्ही लिहिली तेवढी, हे गणित जुळत नाही. रंगीत काच किंवा कृत्रिम खडे असतील. त्यात पाप नाही, फसवणूक मात्र आहे. आणि अस्सल असते तरी ‘संरक्षणासाठी’ म्हणून मुलीच्या गळ्यात घालू नका, असे मी म्हटले असते. आठवण म्हणून घालायला काहीच हरकत नाही. पेत्राचे पहिले पत्र (३:३) बाहेरच्या शोभेबद्दल सांगते ते वाचून दागिना अगदी वर्ज्य मानणारी घरे आपल्या मंडळ्यांत आहेत, तुमचे तसे असेल तर प्रश्नच मिटला.

माझा सल्ला विचाराल तर एकच खडा घ्या. लाल हकीक किंवा लाजवर्द, चांदीत मढवा. हकीक भाजून लाल केलेला असतो, गुजरातेतल्या खंबायतचे कारागीर ते पिढ्यान्‌पिढ्या करतात, त्यात खोट नाही, दगडातल्याच लोहाचा रंग खुलतो. लाजवर्द मात्र रंगवलेला फार येतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून मागच्या बाजूने हलकेच पुसा, कापूस निळा झाला तर परत द्या. तो हकीकापेक्षा बराच मऊ असतो, म्हणून लिंबू, साबण आणि मशीनची सफाई त्याला नको, नुसते ओले फडके पुरे.

आणि त्यावर मुलीचे नाव कोरून घ्या. हकीकावर कोरणावळ जास्त पडते, पण अक्षर झिजत नाही. कारागिराला नाव कागदावर ठळक लिहून द्या, वेलांट्या-उकार नीट दिसतील असे, आणि मापाने खडा थोडा मोठा निवडा, कारण देवनागरीला वर-खाली जागा लागते. शिवाय आधीच बजावा की नाव सुलटे हवे आहे. मुद्रेचा खडा म्हटला की त्यांचा हात सवयीने शिक्क्याची उलटी अक्षरे कोरायला लागतो.